शेणव्यात पटखेळांचा मेळा भरवायचा तर

मेळ्याची पहिली बैठक हमखास एका प्रश्नावर अडकते: खेळ किती ठेवायचे? कुणी दहा म्हणतं, कुणी वीस, आणि ज्याने मोबाइलवर हंपीच्या दगडी पटांचे फोटो पाहिलेले असतात तो पन्नासवर जातो. या आकड्याचं उत्तर खेळांच्या यादीत नसतं. खेळ शिकवायला माणसं किती आहेत हे आधी मोजा. नवकंकरीचा पट कुणीही पाच मिनिटांत खडूने काढतो, पण समोरच्या सहावीतल्या पोरीला आणि तिच्या आजोबांना एकाच वेळी खेळात ओढणारा माणूस खडूने काढता येत नाही. असा माणूस नसलेला पट म्हणजे नुसता नक्षीचा चौकोन. लोक येतात, फोटो काढतात आणि वडापावच्या गाडीकडे वळतात.

हिशेब सोपा आहे. सकाळी दहा ते दुपारी चार मेळा धरला तर एका पटाला आलटून पालटून बसणारी दोन माणसं लागतात. दहा पटांना वीस झाली. नावनोंदणी, पाणी, जेवण, गाड्या लावून घेणं, म्हाताऱ्या माणसांना घरून आणणं-पोचवणं आणि ऐन वेळी कुणी आलं नाही तर त्याच्या जागी बसणं, यासाठी आणखी दहा. म्हणजे दहा पटांच्या मेळ्याला तीस माणसं. तुमच्याकडे पंधराच असतील तर पाच पट ठेवा. पाच पट दिवसभर भरलेले राहिले तर मेळा गाजतो. वीस पटांतले पंधरा ओस पडले तर पुढच्या वर्षी बैठकीलाही कोणी येत नाही.

शेणवा का, असं कुणी विचारलं तर कारण भूगोलाचं आहे. शहापूरहून किन्हवलीकडे जाताना शेणवा लागतं, आणि तोच रस्ता पुढे मुरबाडच्या दिशेने जातो. त्यामुळे दोन्ही तालुक्यांतल्या माणसाला ते फार आडवाटेचं वाटत नाही. मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्याला आसनगावला लोकलमधून उतरून शहापूरमार्गे यावं लागतं. शहापूरच्या गावात मेळा घेतला तर तो सोयीचा होईल, पण तिथे डोळखांब-किन्हवलीकडची म्हातारी माणसं येणार नाहीत. तीच आली नाहीत तर मेळ्यात शिकवणार कोण?

तारीख ठरवणं हे सगळ्यात अवघड काम, आणि ते सगळ्यात आधी करायचं. या भागात जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत पावसाचा भरवसा नसतो. पाऊस ओसरला की भातकापणी, मग झोडणी. तेव्हा शेतकरी घरातलं माणूस मोकळं नसतं आणि त्याने मोकळं असावं अशी अपेक्षाही करू नये. दिवाळी आटोपली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. पौष पौर्णिमेपासून म्हशाची यात्रा भरते. त्या दिवसांत मुरबाड तालुका तिकडेच असतो, तेव्हा तिच्याशी टक्कर घेऊ नका. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावी, एप्रिल-मेमध्ये लग्नं आणि पाणीटंचाई. भातसा आणि तानसा ज्या तालुक्यात आहेत त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथे दोनशे पाहुणे बोलावून त्यांना हात धुवायला पाणी देणं शोभत नाही.

मग उरतं काय? मेळ्यासाठी जानेवारीतला, यात्रा टाळून धरलेला एखादा रविवार. पण एवढ्यावर थांबलात तर भट्टीवर गेलेली माणसं सुटतात, आणि गुरांमागे हिंडताना खडे-काटक्यांचे खेळ खेळलेली माणसं त्यांच्यातही आहेत. म्हणून काम दोन भागांत करा. लावणी उरकल्यावर, श्रावणाच्या सुमारास, माणसं घरी असतात आणि बाहेर पाऊस असतो. बैठे खेळ रंगायचे तेही याच दिवसांत. तेव्हा पाड्यापाड्यावर जाऊन खेळ गोळा करा. मेळा जानेवारीत. मधले चार-पाच महिने तयारीचे. ज्यांच्याकडून खेळ शिकलात ते भट्टीवर असतील, तर त्यांची परवानगी घेऊन त्यांचं आणि पाड्याचं नाव पटाशेजारी लिहा. भट्टी भिवंडीच्या आसपास असली आणि मालक ऐकणारा निघाला, तर एका दिवसासाठी गाडी पाठवून त्यांना आणताही येतं. त्या दिवसाची बुडणारी मजुरी मात्र तुमच्या खर्चात धरा. सन्मान म्हणून शाल देऊन मजुरी भरून निघत नाही.

खेळ गोळा करताना वही आणि खडू एवढंच घेऊन जा. ‘तुम्ही कोणते पारंपरिक खेळ खेळायचात?’ असा प्रश्न विचारलात तर उत्तर येईल, ‘आमी कसले खेळ खेळतोय, गुरं राखायचो.’ त्याऐवजी अंगणात बसा, जमिनीवर तीन चौकोन एकात एक काढा, बाजूंचे मध्य जोडा आणि खडे मांडायला लागा. समोरचा माणूस दोन मिनिटांत तुमची चूक काढतो. तिथून खरी मुलाखत सुरू होते. कोण किती खडे घेतं, तिघांची ओळ जुळली की काय म्हणतात, समोरच्याचा कोणता खडा उचलता येत नाही, हरणाऱ्याला काय चिडवतात, हे सगळं लिहून घ्या. चिडवायचे शब्द तर नक्कीच. ते कुठल्याही ग्रंथात मिळणार नाहीत.

इथे एक मोह आवरावा लागतो, नियम ‘बरोबर’ करण्याचा. वाघ-बकरीत कुठे दोन वाघ असतात, कुठे तीन, कुठे चार. बकऱ्यांची संख्याही बदलते आणि पटाची आखणीसुद्धा. पुस्तकात किंवा इंटरनेटवर दिसलेल्या आखणीला खरी मानून आजीबाईंच्या आखणीला चूक ठरवणारा स्वयंसेवक मेळ्याचं सगळ्यात जास्त नुकसान करतो. मेळ्यासाठी एक नियम पुरतो: पट ज्या गावचा, नियम त्या गावचा. प्रत्येक पटाजवळ गावाचं नाव लिहिलेला पुठ्ठा ठेवा आणि भांडण झालं की त्याकडे बोट दाखवा. भांडणं होणारच. झाली नाहीत तर कोणी मनापासून खेळत नाही असं समजा.

कोणते खेळ ठेवावेत याबद्दल माझं मत सांगतो. सुरुवातीला झटपट संपणारे ठेवा. नवकंकरी, म्हणजे प्रत्येकी नऊ खडे आणि चोवीस बिंदू, पंधरा-वीस मिनिटांत निकाल देते. वाघ-बकरी अर्ध्या तासात. अष्टाचम्म्याला पाच बाय पाच घरांचा पट आणि चार कवड्या लागतात. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. चौघांचा डाव पाऊण तास चालतो आणि पोरांचा आरडाओरडा फुकट मिळतो. कवड्या विकत आणायची गरज नाही. चिंचोके दगडावर घासून एका बाजूने पांढरे केले की झालं, आणि ते घासायचं काम मुलांना दिलं तर ती मेळ्याला येतातच. सारीपाट मात्र विचार करून ठेवा. चार हातांचा कापडी पट, प्रत्येक हातात चोवीस घरं, चौघांच्या मिळून सोळा सोंगट्या. हा डाव दोन तास खातो. तो एका कोपऱ्यात, ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे अशा माणसांसाठी बाकावर मांडा. ती उठणार नाहीत आणि बघ्यांची गर्दी आपोआप होईल.

सावंतवाडीची गंजिफा मिळाली तर एक संच जरूर आणा. गोल पानं, रंगवलेली, लाखेचा थर दिलेली. दशावतारी गंजिफेत दहा रंगांची प्रत्येकी बारा मिळून १२० पानं असतात. सावंतवाडीच्या राजघराण्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला पुन्हा उभी केली आणि राजवाड्यात आजही कारागीर ती रंगवतात. पण हा संच महाग असतो आणि खेळ शिकवायला वेळ लागतो. त्यामुळे एक माणूस त्याच्याजवळ कायम बसवा, आणि जेवून आलेल्या हातांनी पानांना शिवू देऊ नका.

आता इतिहासाबद्दल. मेळ्यात फलक लावायचे असतील तर ते कमी आणि खात्रीचे असू द्या. सांगण्यासारखं खूप आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये बुद्धिबळ, फासे आणि कवड्यांच्या खेळांचं वर्णन आहे. औरंगाबादच्या पंडित हरिकृष्णांनी एकोणिसाव्या शतकात ‘बृहज्ज्योतिषार्णव’ लिहिला. त्यातला ‘क्रीडाकौशल्य’ हा भाग खेळांचाच. म्हैसूरचे राजे तिसरे कृष्णराज वडियार यांना तर नवनवे पट आखण्याचाच छंद होता. नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर कोरलेल्या पटांची नोंद अभ्यासकांनी केली आहे. आपल्या पट्ट्यात नाणेघाटाची वाट वैशाखऱ्याच्या बाजूने चढते, तेव्हा व्यापारी, हमाल आणि पहारेकरी वाट बघत बसले की काय करत असतील, हा प्रश्न मुलांना विचारण्यासारखा आहे.

पण फलकावर ‘२००० वर्षांपूर्वीचा खेळ’ असं लिहू नका. लेणं दोन हजार वर्षांचं असलं तरी त्याच्या ओट्यावरचा पट गेल्या शतकातल्या एखाद्या गुराख्याने कोरलेला असू शकतो. दगडावरच्या रेघेचं वय सहज ठरत नाही. सापशिडीचंही तसंच. तिचं जुनं रूप असलेला मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला अशी परंपरा आहे, तेव्हा ‘परंपरा आहे’ असंच लिहा. एका जाणत्या पाहुण्याने फलकावरची एक थाप पकडली की बाकीच्या नऊ खऱ्या फलकांवरचा विश्वास उडतो.

मेळ्याच्या निमित्ताने पोरं किल्ल्यांवर, लेण्यांत पट शोधायला निघतील. निघू द्या, पण आधी दोन गोष्टी बजावा. पट नीट दिसावा म्हणून त्यात खडू, चुना, तेल भरायचं नाही, आणि तारेच्या ब्रशने तर मुळीच घासायचं नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. फोटो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात काढले की उथळ रेघाही उठून दिसतात. शेजारी एक पट्टी ठेवली की मापही मिळतं.

या सगळ्यात ज्याने मेळा खऱ्या अर्थाने आपला होईल असा एक पट आहे, आणि तो आपल्या घरात दरवर्षी तयार होतो: दिवाळीचा मातीचा किल्ला. परदेशात ऐतिहासिक युद्धखेळांचे मोठे मेळावे भरतात. अमेरिकेतला हिस्टॉरिकॉन हा त्यातला नावाजलेला, आणि तोही हौशी मंडळींची संस्थाच भरवते. तिथे टेबलावर डोंगर-नद्या मांडून छोट्या सैनिकांच्या लढाया खेळल्या जातात. आपल्याकडे डोंगर, बुरूज, मावळे, तोफा, अगदी हळीव पेरून उगवलेलं गवतसुद्धा तयार असतं. फक्त खेळ नसतो. किल्ला बांधून झाला की पोरं त्याकडे बघत बसतात.

तेव्हा माहुली मांडा. आसनगावच्या डोक्यावरचा हा डोंगर या भागातल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. पळसगड, माहुली आणि भंडारगड अशी त्याची तीन अंगं आहेत. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीचा शेवटचा लढा इथूनच दिला. पुरंदरच्या तहात, १६६५ मध्ये, माहुली मोगलांकडे गेला. १६७० च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी त्यावर हल्ला केला, तेव्हा किल्लेदार मनोहरदास गौड याने तो परतवून लावला आणि मराठ्यांची मोठी हानी झाली. पण त्याच वर्षीच्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी किल्ला घेतला, आणि तोवर मनोहरदास तिथे राहिला नव्हता. एकाच किल्ल्यावर, एकाच वर्षात, एक पराभव आणि एक विजय. खेळ रचायला याहून चांगला प्रसंग कुठे मिळेल? सकाळच्या डावात फेब्रुवारी खेळा, दुपारच्या डावात जून. मुलांना आपोआप प्रश्न पडतो की चार महिन्यांत बदललं काय.

यासाठी एक पंच लागतो. प्रशियात १८२४ च्या सुमारास लष्करी अधिकाऱ्यांसाठी जो युद्धखेळ रूढ झाला, त्यात दोन्ही बाजूंचे हुकूम कागदावर पंचाकडे जात आणि कुणाला काय दिसतं ते पंच ठरवी. तीच रीत घ्या. हल्ला करणाऱ्या गटाने कोणत्या वाटेने चढायचं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. पहारेकऱ्यांनी आपली माणसं कुठे ठेवायची तेही चिठ्ठीवर. अंधार, धुकं, निसटती वाट यांचा निकाल फाशावर. मावळे नेहमीच जिंकले पाहिजेत असा हट्ट एखादं पोर धरेल, कदाचित त्याचे वडीलही धरतील. पंच असा हवा की जो हसत हसत, पण ठाम राहील. शाळेतले इतिहासाचे निवृत्त शिक्षक या कामाला उत्तम. किल्ला मोठा करा, पण मुलांचा हात मधल्या बुरुजापर्यंत पोचेल इतकाच. माती दिवाळीनंतर तशीच ठेवली तर जानेवारीपर्यंत भेगाळते, म्हणून मेळ्याच्या आठवडाभर आधी नव्याने बांधा.

परवानग्यांचं काम कंटाळवाणं पण थोडकं आहे. जागा शाळेची असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती, मैदान ग्रामपंचायतीचं असेल तर ग्रामपंचायत, आणि दोन्ही बाबतीत पोलीस ठाण्यात एक लेखी अर्ज. तोंडी ‘हो’ वर मांडव घालू नका. अर्जात एक वाक्य न चुकता लिहा: कोणत्याही पटावर पैसे लावले जाणार नाहीत. फासे आणि कवड्या म्हटलं की काही लोकांना जुगारच आठवतो, आणि तो आठवायला कारणंही आहेत. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे. पटावर पाच रुपयांची पैजही दिसली की पाच मिनिटांत मेळ्याची बदनामी होते. बक्षीस द्यायचंच असेल तर चिंचोक्यांची थैली द्या. भोंगा लावायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी. पण मला विचाराल तर भोंगा नकोच. भाषणं ऐकायला लागली की हातातलं दान खाली पडत नाही.

जेवण बचत गटाकडे सोपवा आणि पैसे ठरवून, आगाऊ द्या. तांदळाची भाकरी, पिठलं, भात आणि एखादी भाजी असली की पुरे. पाहुण्यांकडून जेवणाचे पैसे घ्या, गावच्या खेळाडूंकडून घेऊ नका. शहराकडून येणाऱ्यांना आधीच सांगा की परतीची एसटी किंवा जीप किती वाजता आहे, आणि त्याआधी अर्धा तास मेळा आवरता घ्या. प्रथमोपचाराची पेटी, १०८ क्रमांक आणि शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत नेणारी एक गाडी, चालकासकट, दिवसभर उभी असावी. ती लागली नाही तर उत्तम.

मेळ्याच्या दिवशी सकाळी उद्घाटनात तास घालवू नका. सरपंचांना बोलावलंत तर त्यांना पहिलं दान टाकायला सांगा आणि समोर गावातली सगळ्यात मुरलेली खेळाडू आजी बसवा. सरपंच हरले तरी हसतात, आणि गावात दोन दिवस तेवढंच बोललं जातं. बायका सकाळच्या कामातून मोकळ्या होईपर्यंत अकरा वाजतात, हे वेळापत्रकात धरा. अष्टाचम्म्याच्या खऱ्या पटाईत त्याच असतात. पट शिकवणाऱ्या स्वयंसेवकाने स्वतः खेळत बसायचं नाही. दोन डाव शिकवले की तिसऱ्या डावात शिकणाऱ्यालाच शिकवायला बसवायचं, आणि आपण बाजूला व्हायचं. दुपारपर्यंत निम्मे पट पाहुणे आणि पोरंच चालवत असतील तर तुमचं नियोजन जमलं.

पट फ्लेक्सवर छापून घेऊ नका. खादीच्या किंवा जाड मांजरपाटाच्या कापडावर गेरूने आखलेला पट घडी घालून ठेवता येतो आणि दुसऱ्या गावाला उसना देता येतो. हे उसनं देणंच पुढे वाढवा. मुरबाडच्या एखाद्या शाळेने मागितला तर पटाबरोबर एक शिकवणाराही पाठवा, निदान पहिल्या दिवशी.

मेळा संपल्यावर आठ दिवसांत तीन कामं उरकायची. जमाखर्च कागदावर मांडून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचा. श्रावणात ज्यांच्याकडून नियम लिहून घेतले त्यांना त्यांच्या खेळाचं पान वाचून दाखवायचं आणि ते सांगतील ती दुरुस्ती करायची. भट्टीवर असलेल्यांकडे पावसाळ्यात जायचं. दुरुस्त केलेल्या पानांच्या दोन प्रती काढून एक शाळेत आणि एक तालुक्याच्या ग्रंथालयात द्यायची. पानावर खेळाचं नाव, पाड्याचं नाव, लिहून घेतल्याचा महिना आणि वर्ष. ज्या स्वयंसेवकाने लिहून घेतलं त्याचं नाव शेवटी, लहान अक्षरात.